सात मात्सुरी आणि घरातले दोन नकार

प्रश्न

पुण्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ६१. शाळेत मुलांना कवायत आणि लेझीम शिकवण्यात नोकरी गेली. आता रोज सकाळी पर्वती चढतात. मुलगा, सून आणि सात वर्षांचा नातू टोकियोत निशिकासाईला राहतात. जपानच्या उन्हाळी उत्सवांचे, म्हणजे मात्सुरींचे व्हिडिओ पाहून ताईंनी वहीत सातांची यादी केली आहे: क्योटोची गिओन, ओसाकाची तेन्जिन, टोकियोत सुमिदा नदीवरची आतषबाजी, आओमोरीची नेबुता, अकिताची कांतो, सेंदाईची तानाबाता आणि तोकुशिमाचा आवा ओदोरी हा नाच. जुलैच्या मध्यापासून महिनाभर राहून सगळं पाहायचं आणि गणपतीच्या आत परत यायचं, असा बेत.

मुलगा म्हणतो, "उन्हाळ्यात नको, घामानं हैराण व्हाल. एप्रिलमध्ये साकुरा, चेरीचा बहर, बघायला या." यजमानांचे गुडघे दुखतात, ते अंडंही खात नाहीत, आणि "गर्दी पुण्यात फुकट मिळते" असं त्यांचं म्हणणं. ताईंना स्वतःलाही एक टोचणी आहे. परक्यांच्या देवाच्या मिरवणुकीत आपण फोटो काढणारे बघेच ना? आणि या वयात हा हट्ट शोभतो का? बेत सोडावा, एप्रिलला जावं, की यजमानांना घरी ठेवून एकटीनं निघावं, असं त्या विचारतात.

उत्तर

ताई, आधी तुमची वही उघडू. गिओनची पहिली मोठी मिरवणूक १७ जुलैला क्योटोत. तेन्जिन २४ आणि २५ जुलैला ओसाकात. सुमिदाची आतषबाजी जुलैच्या शेवटच्या शनिवारी. मग नेबुता २ ते ७ ऑगस्ट, होन्शू बेटाच्या पार उत्तर टोकाला. कांतो ३ ते ६, तानाबाता ६ ते ८, आणि आवा ओदोरी १२ ते १५ ऑगस्ट, तो थेट शिकोकू बेटावर. तारखा एकमेकींना फारशा आडव्या येत नाहीत, म्हणून यादी कागदावर छान बसते. गुडघ्यावर बसत नाही. तुमच्या यजमानांच्याच असं नाही, कुणाच्याही. एका महिन्यात सात शहरं, तीही प्रत्येक शहरातल्या खोल्या सगळ्यात महाग असतात नेमक्या त्या रात्री.

पण यादी चुकली म्हणून बेत चुकला असं होत नाही. तुम्ही तीन पर्याय विचारलेत आणि मला तिन्ही पटले नाहीत.

मुलाच्या एप्रिलचं आधी बोलू. त्याची काळजी खरी आहे, पण हिशेब अर्धा आहे. जपानमध्ये शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि बहुतेक कंपन्यांचंही. टोकियोतला साकुरा मार्चच्या अखेरीला फुलतो आणि एप्रिल उजाडून आठवडा झाला की पाकळ्या रस्त्यावर असतात. म्हणजे तुम्ही पोहोचाल तेव्हा नातू नव्या वर्गात, मुलगा कामाच्या नव्या वर्षात, आणि तुम्ही दोघं त्यांच्या घरात दुपारी चारची वाट बघत. उलट टोकियोच्या शाळांना साधारण २० जुलैपासून ऑगस्टअखेरपर्यंत सुट्टी असते, आणि मुलाच्या कंपनीतही सुट्टी मागायला ऑगस्टच्या मध्याइतकी सोयीची वेळ क्वचितच सापडेल. तुम्हाला मात्सुरी बघायच्या आहेत हे पत्रात सात वेळा आलंय. नातवाबरोबर राहायचं आहे हे एकदाच, तेही कंसात. मला वाटतं खरं वजन त्या कंसात आहे. त्या दृष्टीनं उन्हाळाच बरा.

उकाड्याबद्दल मात्र मुलगा बरोबर आहे, आणि तिथे मी त्याच्या बाजूनं उभी आहे. टोकियोचा पावसाळा बहुतेक वर्षी जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास संपतो आणि त्यानंतर पारा ३५ अंशांच्या आसपास घोटाळत राहतो. हवेत इतका दमटपणा की घाम वाळत नाही. रात्रीसुद्धा कित्येकदा २५ च्या खाली उतरत नाही. तुम्ही पुण्याच्या रिमझिम जुलैतून थेट त्यात उतरणार, म्हणजे शरीराला सवय व्हायला पहिला आठवडा द्यायलाच हवा. त्या आठवड्यात कुठलाही मोठा उत्सव ठेवू नका. सकाळी नऊच्या आत बाहेर, संध्याकाळी पाचनंतर बाहेर, मधले तास घरात किंवा थंडगार दुकानांच्या तळमजल्यांत. जपानी माणसं उन्हाळाभर मुगिचा पितात, भाजलेल्या सातूचा गार चहा. त्यात कॅफिन नसतं आणि तो जवळपास प्रत्येक दुकानात आणि नाणं टाकून पेय देणाऱ्या बऱ्याच यंत्रांत मिळतो. सोबत मिठाच्या गोळ्या मिळतात, त्या खिशात असू द्या. डोकं जड झालं, मळमळलं, घाम यायचा थांबला तर "अजून थोडं बघू" म्हणायचं नाही. जपानमध्ये दर उन्हाळ्यात उष्माघातानं हजारो लोक रुग्णालयात जातात आणि त्यांत वयस्कांची संख्या मोठी असते.

आता तुमची टोचणी. मला ती पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटली, कारण यादी कशी कापायची याचं उत्तर तिच्यातच आहे. "आपण बघेच ना?" हे प्रत्येक उत्सवाबद्दल खरं नाही. तुमच्या सातांत काही असे आहेत जिथे बाहेरच्यानं बाजूला उभं राहायचं असतं, आणि काही असे की कडेला उभं राहिलात तर तुमचंच नुकसान.

गिओन पाहा. इसवी सन ८६९ मध्ये साथीचे रोग पसरले तेव्हा ते निवारण्यासाठी झालेल्या विधीतून ती उगम पावली असं मानतात. यासाका देवस्थानाचा हा उत्सव जुलैभर चालतो. लाकडी रथ क्योटोच्या जुन्या व्यापारी गल्ल्यांचे. कुठला रथ कुठल्या गल्लीचा, तो कोण बांधणार, कोण ओढणार, हे पिढ्यान्पिढ्या ठरलेलं. रथांवर लटकवलेले पडदे आणि गालिचे पाहण्यासारखे आहेत. त्यांत सोळाव्या शतकातले बेल्जियमचे पडदे आहेत आणि सागरी व्यापारातून गेलेले भारतीय गालिचेही. काही अभ्यासक त्यांतले काही आपल्या दख्खनमधले मानतात. गंमत अशी की १७ तारखेची सकाळची मिरवणूक पाहून बहुतेक पर्यटक निघून जातात, आणि देव बाहेर पडतात ते त्याच दिवशी संध्याकाळी, तीन पालख्यांमधून. सकाळचे रथ म्हणजे देवासाठी शहर शुद्ध करण्याची तयारी. इथे तुम्ही पाहुण्याच आहात. आदबीनं पाहावं, पालखी जात असताना वरच्या मजल्यावरून खाली डोकावू नये (अनेक ठिकाणी तो अनादर मानतात), दोरीच्या आत पाऊल टाकू नये. यात कमीपणा काही नाही.

पण जुलैच्या मध्याचं क्योटो म्हणजे डोंगरांनी वेढलेली कढई, आणि पाऊसही पुरता गेलेला नसतो. तुमच्या यादीतून मी गिओन काढते. तेन्जिनही, कारण केवळ तिच्यासाठी ओसाकाला जाऊन यायला लागेल. तोकुशिमा तर नक्कीच: ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या दिवसांत निम्मा जपान गावी निघतो, गाड्या भरलेल्या, खोल्या संपलेल्या. अकिताची कांतो काढताना जीव थोडा हलला. बारा मीटर उंच बांबूवर ४६ कंदील, वजन ५० किलोच्या घरात, आणि तो माणूस कपाळावर, खांद्यावर, कमरेवर तोलतो! पण अकिताची शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, वेगळ्या फाट्यानं जाते, आणि नेबुता आणि कांतो दोन्ही एका खेपेत करायचं म्हणजे यजमानांच्या गुडघ्यांशी वैर.

राहिली नेबुता. ती मात्र सोडू नका.

आओमोरीच्या रस्त्यांवरून रात्री कागदाचे, आतून उजळलेले योद्धे आणि राक्षस सरकत जातात. सगळ्यात मोठे नऊ मीटर रुंद, पाच मीटर उंच, वजन चार टनांपर्यंत. माणसं ते ढकलत, फिरवत, कडेच्या लोकांवर झुकवत नेतात. पुढेमागे ढोल, बासऱ्या, आणि हानेतो, म्हणजे उड्या मारत नाचणारे. हानेतो व्हायला ओळख लागत नाही, नाव नोंदवावं लागत नाही. ठरलेला पोशाख पूर्ण घातला असेल तर कुणीही सामील होऊ शकतं. पांढरी युकाता म्हणजे उन्हाळी सुती किमोनो, आत गुलाबी वस्त्र, खांद्यावरून बांधलेली पट्टी, फुलांची टोपी आणि अंगभर घुंगरं. हे सगळं शहरात काही हजार येन भाड्यानं मिळतं आणि दुकानवाल्या बायका अंगावर चढवूनही देतात. पायऱ्या सोप्या आहेत: एका पायावर दोन उड्या, मग दुसऱ्या पायावर दोन, आणि तोंडानं "रास्सेरा, रास्सेरा". आयुष्यभर लेझमीचे ठेके मोजलेल्या बाईंना ते शिकायला पाच मिनिटं लागतील. दमलात की कडेला व्हा, कुणी विचारत नाही. नाचणाऱ्यांच्या अंगावरून गळून पडलेलं घुंगरू सापडणं भाग्याचं समजतात, तेव्हा खाली नजर ठेवा. वयाचं विचाराल तर जपानच्या कुठल्याही उत्सवी नाचात पहिल्या रांगेत कोण असतं ते एकदा बघा, मग हा प्रश्न तुम्हाला पुन्हा पडणार नाही.

माझा बेत असा. आओमोरीऐवजी हिरोसाकीत मुक्काम पाहा. आओमोरीहून साध्या गाडीनं पाऊण तास. तिथेही याच दिवसांत, १ ते ७ ऑगस्ट, त्यांची नेपुता असते. पंख्याच्या आकाराचे रथ, पुढच्या अंगाला लढाया, मागच्या अंगाला उदास डोळ्यांच्या स्त्रिया, आणि चाल संथ. कुणी उड्या मारत नाही. मला खासगीत विचाराल तर हिरोसाकी जास्त आवडतं, पण हे आओमोरीकरांना सांगू नका. टोकियोहून हायाबुसा शिंकान्सेननं शिन-आओमोरीला साधारण सव्वातीन तास लागतात. तीन रात्री ठेवा: एक संध्याकाळ हिरोसाकीत दोघांनी बसून बघायची, एक संध्याकाळ आओमोरीत तुम्ही नाचायची, आणि एक रिकामी. ती रिकामी रात्र पावसासाठी, थकव्यासाठी किंवा वादळासाठी. ऑगस्टमध्ये तैफून येऊ शकतात. तुम्ही नाचत असाल त्या दिवशी यजमानांनी आओमोरी स्टेशनाशेजारच्या वा रास्से या नेबुताच्या संग्रहालयात जावं. आदल्या उत्सवातले खरेखुरे रथ तिथे वर्षभर उभे असतात, हवा गार असते आणि बसायला जागा असते. रस्त्यावर बसून बघायचंच असेल तर पैसे देऊन राखीव जागा मिळतात, त्यांची विक्री उत्सवाच्या आधीच सुरू होते. हिरोसाकीला परतायची शेवटची गाडी दुपारीच पाहून ठेवा.

परत येताना ६ ऑगस्टला सेंदाईला चार तास उतरा. हायाबुसा तिथे थांबतेच. तानाबाता हा तुमच्या यजमानांचा उत्सव आहे, त्यांना अजून ठाऊक नाही इतकंच. ढोल नाही, धक्काबुक्की नाही. बाजारपेठेच्या छताखालून बांबूवर टांगलेल्या कागदी झिरमिळ्यांचे प्रचंड गोंडे, हातानं केलेले, माणसाच्या डोक्याला टेकतील इतके खाली. दुपारी, सावलीत, हवं तितकं हळू चालत बघायचे. यजमानांना गर्दीचा तिटकारा आहे असं तुम्ही लिहिलंत, पण लक्ष्मी रोडवर विसर्जनाच्या रात्री अडकलेल्या माणसाचा तिटकारा गर्दीला असतो की बाहेर पडायची वाट नसण्याला, हे त्यांना एकदा विचारा. माझा अंदाज दुसरं उत्तर येईल. त्यांना प्रत्येक ठिकाणी निघून जायची वाट आणि बसायची जागा दाखवलीत तर नकार बराच मऊ होईल. आणि ते प्रत्येक संध्याकाळी तुमच्याबरोबर असलेच पाहिजेत, हे कुणी ठरवलं?

आतषबाजीचंही तसंच. सुमिदाची परंपरा १७३३ पर्यंत मागे नेतात, नाव फार मोठं, आणि गर्दी सुमारे दहा लाखांची. रस्ते एकेरी करून लोकांना चालतं ठेवतात. बघायला थांबता येईलच असं नाही. तुमचा मुलगा राहतो त्या एदोगावा वॉर्डाचीच स्वतःची आतषबाजी एदोगावा नदीकाठी ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी असते आणि ती टोकियोतल्या मोठ्यांपैकी एक आहे. तिथेही गर्दी होते, पण नदीकाठ लांबलचक आहे. मुख्य जागेपासून दूर, चटई टाकून बघता येतं. संपल्यावर लगेच उठू नका. अर्धा तास बसून राहिलात तर स्टेशनाबाहेरची रांग निम्मी झालेली असते.

ज्यांना आतषबाजी हेच मुख्य आकर्षण आहे त्या वाचकांना मी नागाओकाचं नाव सुचवेन, २ आणि ३ ऑगस्ट, टोकियोहून शिंकान्सेननं साधारण दीड तास. तिथला कार्यक्रम मौजेचा असला तरी मूळ दुःखाचं आहे: १ ऑगस्ट १९४५ च्या रात्री शहरावर बॉम्ब पडले. आजही त्या तारखेला, हल्ला सुरू झाला त्याच वेळी, रात्री साडेदहाला, मृतांसाठी पांढऱ्या शेवंतीसारखे बाण उडवतात.

आता जे तुमच्या यादीत नाहीच, पण माझ्या मते ज्याच्यासाठी तुम्ही जावं. जुलैच्या अखेरीपासून टोकियोच्या गल्लीगल्लीत, देवळांच्या आवारात, शाळांच्या मैदानांत, बागांत बोन ओदोरी, म्हणजे ओबोनचे नाच, होतात. ओबोन म्हणजे पितरांना घरी बोलावून परत पाठवण्याचे दिवस, बहुतेक जपानात १३ ते १६ ऑगस्ट, टोकियोच्या काही भागांत जुलैतच. त्यामागची कथा आपल्याकडचीच: बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन याला दिसलं की आपली मेलेली आई भुकेल्या प्रेतांच्या लोकात अडकली आहे, बुद्धानं सांगितल्याप्रमाणे त्यानं भिक्षूंना दान दिलं, आई सुटली, आणि तो आनंदानं नाचला. नाच इतका साधा की नाच म्हणायलाही संकोच वाटावा. मध्ये लाकडी मचाण, त्यावर मोठा ढोल, वर कंदिलांच्या माळा, भोवती गोल. आतल्या गोलात एकसारख्या युकातांतल्या बायका असतात, त्यांना सगळं पाठ असतं. बाहेरच्या गोलात आपण त्यांच्या हातांकडे बघत चालायचं. जवळपास प्रत्येक ठिकाणी लागणारा तान्को बुशी हा कोळसा खाणीतल्या मजुरांचा नाच आहे: दोनदा खणायचं, खांद्यावरून मागं टाकायचं, कपाळावर हात धरून चंद्र बघायचा, गाडी ढकलायची. दुसऱ्या फेरीपर्यंत येतो. इथे बघे हा प्रकारच नाही. गोलाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला कुणीतरी हातानं खुणावतंच.

एक ठिकाण नाव घेऊन सांगते: त्सुकिजी होन्गान्जी हे बौद्ध मंदिर. जुलैच्या अखेरीला किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला तिथे काही रात्री बोन ओदोरी असतो. १९३४ साली उभी राहिलेली ती वास्तू पाहून तुम्ही चमकाल, कारण वास्तुविशारद इतो चुता यांनी ती प्राचीन भारतीय बौद्ध शैलीत बांधली. दर्शनी भागावरची कमान पाहताना कार्ल्याचं, अजिंठ्याचं चैत्यगवाक्ष आठवल्यावाचून राहणार नाही. शेजारीच जुन्या मासळीबाजाराभोवतीची दुकानं अजून असल्यानं (घाऊक बाजार २०१८ मध्ये तिथून हलला) खाण्याची चैन प्रसिद्ध आहे, तुमच्या घरी तिचा उपयोग नाही हे वेगळं.

आणि नातवासाठी सकाळी साडेसहाला बाग. सुट्टीत अनेक वस्त्यांमधली मुलं रेडिओवरच्या कवायतीला जमतात, गळ्यात कार्ड, रोज हजेरीचा शिक्का. १९२८ पासून प्रसारित होणारी ही कवायत आजीआजोबाही तितक्याच निष्ठेनं करतात. निवृत्त कवायत शिक्षिका आणि सात वर्षांचा नातू यांना याहून चांगली जपानी सकाळ मी देऊ शकत नाही. तिकीट नाही, आरक्षण नाही. यजमानांनी बाकावर बसावं.

वस्तीतल्या उत्सवात बारीकसारीक मजा असते. कागदाच्या पळीनं सोनमासे पकडायचा खेळ नातू मागणारच. मासा घरी कोण सांभाळणार हे सूनबाईंना आधी विचारून ठेवा. टपऱ्यांवर रोख चालते, शंभर येनची नाणी जवळ ठेवा. कचऱ्याच्या पेट्या क्वचितच दिसतात, म्हणून पिशवीत पिशवी. युकाता घालायची असेल तर जरूर घाला, कुणाला राग येत नाही, आनंदच होतो. फक्त डावी बाजू उजवीच्या वर आली पाहिजे. उलट फक्त मृतदेहाला नेसवतात. लाकडी गेता पायात नकोत, तुमची रोजची सँडल बरी.

जेवणाचं तुमच्या घरी जास्त वाढवून सांगितलं गेलंय आणि थोडं कमीही. वाढवून अशासाठी, की निशिकासाईत भारतीय दुकानं आणि खाणावळी आहेत, घर आहे, म्हणजे महिन्यातले बहुतेक दिवस प्रश्नच नाही. कमी अशासाठी, की उत्सवाच्या टपरीवर "शाकाहारी" म्हणून दिलेल्या पदार्थातही माशाचा रस, दाशी, असू शकतो. नूडल्सवर वाळवलेल्या माशाचा कीस सर्रास पडतो. ताकोयाकी म्हणजे ऑक्टोपस. निर्धास्तपणे खाता येईल असं: लोणी लावून उकडलेला बटाटा, बर्फाचा गोळा म्हणजे काकिगोरी (वर नुसतं सरबत), साखरेच्या पाकातलं सफरचंद, कापूस मिठाई, उकडलेले सोयाबीनचे दाणे. भाजलेल्या कणसाला सॉस लावतात, तो न लावता मागता येतो. मुलाकडून जपानीत एक कार्ड लिहून घ्या: मांस, मासे, अंडं, माशाचा रस चालत नाही. हिरोसाकीच्या तीन दिवसांसाठी मेतकूट, चटणी, चिवडा, दशम्या सोबत. नुसत्या मिठाचा भाताचा मुटका बऱ्याच दुकानांत मिळतो, पण पाकिटावरचे घटक मुलाला फोटो पाठवून विचारा. देशपांड्यांचा, जोशांचा, कुणाचाही डबा असो, विमानतळावर मांसाचे पदार्थ, ताजी फळं आणि भाज्या नेऊ देत नाहीत, हे घरून निघताना लक्षात असू द्या.

औषधं: डॉक्टरांनी लिहून दिलेली एका महिन्यापर्यंतची सोबत नेता येतात, त्याहून जास्त हवी असतील तर आधी परवानगी काढावी लागते. सर्दीखोकल्याच्या काही गोळ्यांमधले घटक तिथे बंद आहेत, तेव्हा घरातल्या डब्यातून उचलून टाकू नका, यादी मुलाला तपासू द्या. मुक्काम महिन्याच्या वर जाणार असेल तर हे आत्ताच बघा.

ज्यांचं टोकियोत कुणी नाही आणि ज्यांच्याकडे दहाच दिवस आहेत, त्यांनी एकच जागा निवडावी आणि तिथेच राहावं. क्योटोच हवं असेल तर १७ ऐवजी २४ जुलैची गिओनची दुसरी मिरवणूक पाहा. ती १९६६ पासून पहिलीत मिसळून गेली होती, २०१४ मध्ये पुन्हा वेगळी निघू लागली. रथ कमी आणि आदल्या रात्री टपऱ्यांची जत्रा नाही, म्हणून चालायला जागा मिळते आणि जुन्या घरांमधले उजळलेले रथ शांतपणे पाहता येतात. नाचायचंच असेल तर गिफू प्रांतातलं गुजो हाचिमान: जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत बऱ्याच रात्री नाच, आणि १३ ते १६ ऑगस्टला पहाटेपर्यंत. आवा ओदोरीची चव टोकियोतच घ्यायची तर ऑगस्टच्या शेवटच्या शनिवार-रविवारी कोएन्जीत, १९५७ पासून. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात जाणाऱ्यांना इरिया इथला नीळवेलीच्या फुलांचा बाजार (६ ते ८ जुलै) आणि सेन्सोजी देवळातला होझुकीचा बाजार (९ आणि १० जुलै). होझुकी म्हणजे रसभरीच्या जातीचं, केशरी कंदिलासारखं फळ. १० तारखेला तिथे दर्शन घेतलं तर ४६,००० दिवसांचं पुण्य मिळतं अशी श्रद्धा आहे, म्हणजे सव्वाशे वर्षांची तरतूद एका फेरीत.

तुमच्याकडे वळते. एकटीनं जायचा तिसरा पर्याय मी खोडत नाही, पण तो रागाच्या भरात लिहिलेला वाटला. सात उत्सवांसाठी यजमान नाही म्हणाले. हिरोसाकीची एक संध्याकाळ, सेंदाईची सावलीतली दुपार आणि नातवाबरोबरच्या सकाळी, हे त्यांना अजून कुणी विचारलेलंच नाही. मुलालाही वही दाखवू नका. त्याला दोनच कामं सांगा: वॉर्डातल्या बोन ओदोरींच्या तारखा शोधणं (वस्तीच्या सूचनाफलकावर लागतात, सूनबाईंना शाळेतूनही कळतील) आणि शिंकान्सेनची तिकिटं. ती प्रवासाच्या बरोबर एक महिना आधी सकाळी दहाला खुली होतात, आणि हायाबुसात बिनआरक्षित डबाच नसल्यानं त्या दिवशी दहा वाजताच बसावं लागेल. जुलैच्या २० नंतर पोहोचा, पहिला आठवडा वस्तीत, एदोगावाची आतषबाजी (शनिवार जमला तर), मग उत्तर, मग ओबोनचे दिवस घरीच.

तिकिटं थांबू शकतात, खोली थांबत नाही. नेबुताच्या आठवड्यातल्या खोल्या कित्येक महिने आधी जातात. हिरोसाकीत मिळाली नाही तर शिन-आओमोरीच्या वाटेवरचं हाचिनोहे किंवा मोरिओका पाहा, शिंकान्सेन दोन्हीकडे थांबते. रद्द करता येईल अशी खोली आजच धरून ठेवा. यजमानांशी बोलणं त्यानंतर केलंत तरी चालेल.